डब्लिनचं पहिलं नाणं: नाव आपलं, तोंडवळा इंग्लंडच्या राजाचा

लिफीकाठकर

गेल्या महिन्यात बाबा आमच्याकडे डब्लिनला आले होते. त्यांची हयात कोल्हापुरात सराफी पेढीवर गेली, त्यामुळे कडे-कपारी आणि समुद्र दाखवून ते फारसे हलणार नाहीत हे माहीत होतं. सरळ किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. व्हायकिंग दालनात एका काचेपाशी ते जे थांबले ते वीस मिनिटं हलेनात. आत चांदीचं एक नाणं, आपल्या जुन्या पंचवीस पैशाएवढं.

पहिला प्रश्न: "वजन कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. बाबांचं संग्रहालयाबद्दलचं मत तिथेच खाली आलं.

नाण्याच्या एका अंगाला डावीकडे तोंड केलेला राजा, केस फणीच्या दात्यांसारखे उभे. दुसऱ्या अंगाला दुहेरी रेघांचा क्रूस, पार कडेपर्यंत गेलेला, प्रत्येक टोकाला तीन-तीन चंद्रकोरी. काठाने अक्षरं: सिहत्रिक रेक्स दिफ्लिन, म्हणजे 'सिहत्रिक, डब्लिनचा राजा'. हा सिहत्रिक नॉर्स, म्हणजे मूळ स्कँडिनेव्हियाकडचा, टोपणनाव 'रेशीमदाढी'. इ.स. ९९५ ते ९९७ च्या दरम्यान कधीतरी त्याने इथे टाकसाळ घातली. आयर्लंडच्या भूमीवर पाडलेली ही पहिली नाणी.

गंमत अशी की त्यातलं नाव सोडलं तर काहीच त्याचं नाही. केस, क्रूस, चंद्रकोरी, अक्षरांची मांडणी, सगळं इंग्लंडचा राजा दुसरा एथेलरेड याच्या पेनीवरून (तिकडचं चांदीचं नाणं) उचललेलं. त्याआधीची पहिली खेप एथेलरेडच्याच आणखी जुन्या घडणीवरून घेतलेली. त्या घडणीत क्रूसाच्या चार कोनांत 'क्रक्स' या लॅटिन शब्दाची चार अक्षरं बसवलेली असतात. आणि डब्लिनच्या टाकसाळीतून बाहेर पडलेल्या काही नाण्यांवर तर राजा म्हणून चक्क एथेलरेडचंच नाव आहे!

हे कळल्यापासून डोक्यात भुंगा आहे. नॉर्स लोक ज्या इंग्लंडला लुटत होते त्याच इंग्लंडच्या राजाचा तोंडवळा आपल्या नाण्यावर का? इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

मुक्ता_वाचते

मस्त विषय. बाबा भारी आहेत. वाचतेय.

खवचट खंडू

भुंगा कसला त्यात? माणसं लुटली, मठ लुटले, नाणंही लुटलं. याला आमच्याकडे बनावट नोट म्हणतात आणि त्याला शिक्षा असते.

लिफीकाठकर

खंडोबा, बनावट म्हणजे आत हिणकस आणि वर चकचकीत. सिहत्रिकची सुरुवातीची नाणी चांगल्या चांदीची आहेत आणि वजनाने इंग्लिश पेनीच्या आसपास, दीड ग्रॅमच्या अल्याड-पल्याड. ज्याच्या हाती पडलं त्याला चांदी पुरेपूर मिळाली. मग फसवलं कोणाला?

शिवाय त्यावर मालकाचं नाव आणि गावही आहे. बरीचशी नाणी टाकसाळ्याचंही नाव सांगतात. 'फेरेमिन' नावाचा एक जण डब्लिनच्या नाण्यांवर वारंवार भेटतो. चोर पत्ता टाकून जात नाही.

उत्तरायण

मी स्वीडनमध्ये उप्सालाला असते, त्यामुळे या विषयात नाक खुपसायचा थोडा हक्क आहे. सुरुवात डब्लिनपासून केलीत तर कोडं सुटणार नाही, जरा दोनशे वर्षं मागे जा.

नॉर्स लोकांना नाणं म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं, पण ते नाणं मोजत नसत, तोलत. नवव्या-दहाव्या शतकात त्यांच्याकडे चांदीचा पूर आला तो इंग्लंडकडून नव्हे, पूर्वेकडून, व्होल्गा आणि रशियातल्या नद्यांच्या वाटेने. अरबी दिऱ्हम, म्हणजे चांदीची नाणी. फर आणि गुलाम द्यायचे, चांदी घ्यायची. स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्स नावाच्या शेतात १९९९ साली जो साठा निघाला त्यात ६७ किलो चांदी आणि १४,२९५ नाणी होती, बहुतेक सगळी इस्लामी. त्यावरची कूफी (जुन्या अरबी वळणाची) अक्षरं गोटलंडच्या शेतकऱ्याला वाचता येत होती का? शक्यच नाही. त्याला गरजही नव्हती. घडीचा तराजू खिशात, लहान-मोठी वजनं सोबत. जास्त झालं की नाणं कातरायचं, कमी पडलं की कड्याचा तुकडा तोडून टाकायचा. उत्खननात अशा चिरफाळलेल्या चांदीच्या राशी निघतात.

आणि चांदी खरी आहे का हे बघायला चाकूच्या टोकाने टोचायचं. इथल्या एका नाण्यावर मी भिंगातून असे नऊ टोचे मोजले होते, राजाच्या गालावरच चार. आधीच्या आठांवर नवव्याचा विश्वास नव्हता!

चांदोरी

अरे वा! हे तर आपल्या सराफी खुणांसारखंच झालं. माझ्या संग्रहात शाहआलमच्या नावाचे काही रुपये आहेत, त्यांच्यावर सराफांनी मारलेले इवले इवले ठसे दिसतात.

आणि धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पुण्यातच आहे. पेशव्यांच्या टाकसाळीतला अंकुशी रुपया काढून बघा. दिल्लीच्या पातशाहीत राम उरला नव्हता, पातशहा मराठ्यांच्या आश्रयाला होता, तरी पुण्याच्या रुपयावर फारसीत शाहआलमचंच नाव. आपली खूण म्हणून फक्त एक अंकुश. कंपनी सरकारनेही तेच केलं, विल्यम चौथ्याचा चेहरा रुपयावर यायला १८३५ उजाडलं. बाजाराला ज्या रुपयाची सवय असते तो पाडावा लागतो, गादीवर कोण बसलंय ते बाजार विचारत नाही.

उत्तरायण

अंकुशीचं उदाहरण चपखल. सराफी खुणेबद्दल मात्र थोडी असहमती. सराफाची खूण म्हणजे 'मी तपासलं, चालेल' अशी सही असते, पुढच्याला तिचा उपयोग होतो. टोच्याला सही नसते. कोणी टोचलं हे कोणालाच कळत नाही, म्हणून पुढचा पुन्हा टोचतो. मुळात टोचायची गरज पडू नये यासाठी लोकांनी डोळ्यांनी ओळखावं असं नाणं लागतं, आणि लोकांच्या डोळ्यांना सवय असते ती शेजाऱ्याच्या नाण्याची.

याचं एक जुनं ठळक उदाहरण हेडेबीचं. श्लाय खाडीच्या टोकाशी तेव्हाच्या डॅनिश राज्यातली ही मोठी बाजारपेठ, आज जर्मनीत. तिथे ८२५ च्या सुमारास जी नाणी पाडायला लागले त्यांच्यावर फ्रँक राजा शार्लमेनचं लॅटिन नाव दोन ओळींत: वर 'कारो', खाली 'लुस'. मागे डोरेस्टाड या फ्रिजियन (आजच्या नेदरलँड्समधल्या) बंदराचं नाव. शार्लमेनने स्वतः ही घडण ७९३ च्या सुमाराला बंद केली होती आणि तो वारला ८१४ मध्ये. म्हणजे मेलेल्या राजाचं, बंद पडलेलं नाणं! पण उत्तरेच्या व्यापाऱ्यांना ओळखीचं तेच होतं. पुढे नकलेची नक्कल, तिची नक्कल असं होत होत 'कारोलुस'ची अक्षरं नुसत्या काड्या, अर्धवर्तुळं आणि ठिपके होऊन बसली. ब्रिटा माल्मर या स्वीडिश नाणेतज्ज्ञ बाईंनी ठशाला ठसा जुळवत ही साखळी लावली. मग शेजारी शेजारी ठेवल्यावर अक्षराची काडी कधी झाली ते दिसतं.

चांदोरी

डिट्टो आपलं जुनं गधैया नाणं! इराणच्या पेरोझ राजाचा चेहरा आणि अग्निकुंड, आणि पाच-सहाशे वर्षांत गुजरात-माळव्यापासून कोकणपर्यंत त्याचे नुसते ठिपके आणि रेघा. कोकणच्या शिलाहार छित्तराजाने त्यावर आपलं नाव घातलं, तरी चेहऱ्याचा गुंता तसाच ठेवला.

खवचट खंडू

बरं, बनावट हा शब्द मागे घेतो. पण वाचता न येणाऱ्या माणसाने वाचता न येणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं नाणं, हे मला फार आवडलेलं आहे.

उत्तरायण

मग हे घ्या. स्पिलिंग्सच्या साठ्यात एक दिऱ्हम आहे, खझारांनी पाडलेला, ८३७-३८ च्या सुमाराचा. खझार म्हणजे कॅस्पियनच्या वरच्या अंगाचे, त्यांच्या राजघराण्याने ज्यू धर्म घेतला होता. नाणं हुबेहूब अब्बासी दिऱ्हमासारखं, पण 'मुहम्मद रसूल अल्लाह' असतं तिथे कोरलंय 'मूसा रसूल अल्लाह', म्हणजे ज्यूंचा मूसा (मोझेस) हा देवाचा दूत. बाकी नाण्याला धक्का नाही, बाजारात चालून गेलं आणि शेवटी बाल्टिक समुद्रातल्या एका बेटावर मातीत गेलं. या कारागिराला लिहिता-वाचता उत्तम येत होतं बरं का.

ओवी

खझारांचा किस्सा वाचून उत्तर इंग्लंडातलं यॉर्क आठवलं. तिथे नॉर्स राजांनी असंच केलंय, फक्त उलट दिशेने.

यॉर्कमध्ये दहाव्या शतकाच्या सुरुवातीपासून संत पीटरच्या नावाची नाणी पाडत होते. राजाचं नावच नाही, नुसतं 'संत पीटरचं नाणं'. ९२०च्या दशकात, दुसऱ्या एका सिहत्रिकच्या काळात (हा धाग्यातल्या सिहत्रिकच्या कितीतरी आधीचा, गल्लत नको) त्यावर मधोमध तलवार आली. आणि 'पेत्री' (लॅटिनमध्ये 'पीटरचं') यातला शेवटचा 'इ' खाली फुगवून नॉर्स देव थॉरचा हातोडा केलाय! ख्रिस्ती संताच्या नावातच. पाद्र्याला संत दिसावा, खलाशाला हातोडा दिसावा, आणि चांदी दोघांनी घ्यावी.

पुढे ९३९ ते ९४१ या दोन वर्षांत अनलाफ गुथफ्रिथसनने यॉर्कला कावळ्याचं नाणं पाडलं. पंख पसरलेला, चोच वळवलेला, नॉर्स देव ओडिनचा डोमकावळा. काठाने 'अनलाफ कुनुंक'. सगळी दुनिया लॅटिन 'रेक्स' लिहीत असताना हा स्वतःला आपल्या भाषेत राजा म्हणवतो. मला विचाराल तर सगळ्या नॉर्स नाण्यांत देखणं हेच. पण नीट बघितलं तर टाकसाळ्याचं नाव, क्रूस, वजन सगळं इंग्लिश रीतीचंच. कावळा बसलाय तो शेजाऱ्याच्याच फांदीवर.

खवचट खंडू

शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय, चोरून कुठेतरी वापरणार.

ओवी

वापरा, पण नक्कल करताना माझं नाव ठेवा, एथेलरेडसारखं. :)

त्याहून विचित्र गोष्ट इंग्लंडच्या पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लियाची. तिथला राजा एडमंड याला डॅनिश सैन्याने ८६९ मध्ये मारलं. पंचवीसेक वर्षांनी त्याच मुलखात, डॅनिश अमलाखाली, त्याच्या नावाची नाणी निघाली, 'संत एडमंड' म्हणून! त्याच्या हयातीतल्या नाण्यांचीच घडण पुढे ओढलेली. १८४० साली लँकेशरमध्ये रिबल नदीच्या काठी मजुरांना क्युअरडेलचा साठा सापडला, चाळीसेक किलो चांदी, सात हजारांवर नाणी. त्यात ही एडमंडची नाणी ढिगाने होती.

मुक्ता_वाचते

एक बाळबोध प्रश्न. एथेलरेडच्याच नाण्याची नक्कल इतक्या ठिकाणी का? त्याची चांदी फार चांगली होती म्हणून?

लिफीकाठकर

चांगली होतीच, पण मुख्य म्हणजे ती या लोकांच्या घरात येऊन पडली होती. खंडणी! अँग्लो-सॅक्सन बखरीतले आकडे असे: ९९१ मध्ये १०,००० पौंड, ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००. एका पौंडाच्या २४० पेन्या, म्हणजे पहिल्या हप्त्याच्याच २४ लाख. बखरकाराने हात सैल सोडला असेल असं धरलं तरी एथेलरेडच्या पेन्या आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडतात, एवढं पुरे.

यातलं ९९४ लक्षात ठेवा. त्या वर्षी लंडनवर चालून गेले दोघे, नॉर्वेचा ओलाव्ह त्रिग्वासन आणि डेन्मार्कचा स्वेन फोर्कबियर्ड. तेव्हा इंग्लंडात 'क्रक्स' घडण चालू होती. आणि ९९५ च्या सुमारास काय होतं? स्वेन डेन्मार्कमध्ये स्वतःच्या नावाने क्रक्स पेनी पाडतो. ओलाव्ह नॉर्वेत पाडतो. स्वीडनचा ओलोफ शोटकोनुंग सिगटुनाला पाडतो. इकडे सिहत्रिकही त्याच सुमारास. चार गावं, चार राजे, एकच साचा.

अजून मजा म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिघांच्याही नाण्यांवर टाकसाळ्याचं नाव एकच: गॉडविने. शुद्ध इंग्लिश नाव. एकच माणूस तिन्हीकडे फिरला, की नुसतं नाव उतरवून घेतलं, यावर वाद आहे. मला तर बोटीत ठशांची पिशवी घेऊन बसलेला एक वैतागलेला इंग्रज डोळ्यांसमोर येतो. पाच वर्षांनी, इ.स. १००० मध्ये, स्वोल्डरच्या समुद्रात स्वेन आणि ओलोफ शोटकोनुंग यांनी मिळून ओलाव्ह त्रिग्वासनला संपवलं. गॉडविनेची दोन गिऱ्हाइकं उरली.

उत्तरायण

त्या तिघांत स्वेन आणि ओलाव्ह यांची नाणी अगदी मोजकी सापडतात. सिगटुनाची मात्र पुष्कळ, पण सुरुवातीची सुबक, नंतर अक्षरांचा बट्ट्याबोळ. ओलोफचा मुलगा आनुंद याकोब याच्या काळात, १०३०च्या दशकात, ती टाकसाळ थांबली आणि मग स्वीडनमध्ये शंभरेक वर्षं कोणी नाणंच पाडलं नाही! लोक पुन्हा परदेशी नाणी तोलायला लागले. नक्कल करणं सोपं, पण नाणं चालवायला मागे जोर असलेला राजा लागतो, तो इथे अजून नव्हता.

फ्योर्डातला पाटील

जोर असलेला राजा हवाय ना? मग आमच्या नॉर्वेत या. हाराल्ड हार्डराडा, १०४७ ते १०६६ एकटा राजा. तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाइन सम्राटाच्या वारांगियन पथकात (उत्तरेकडच्या भाडोत्री शिपायांच्या) होता, तिथून सोनंनाणं घेऊन आला. त्याने देशभर स्वतःचं नाणं चालवलं आणि बाहेरचं बंद पाडत आणलं. त्याच्या नाण्यावर तीन टोकांची गाठ असते, ती नेहमीच्या इंग्लिश साच्यातली नाही. नक्कल संपली म्हणायची. आणि नक्कल संपताक्षणी काय झालं? चांदी उतरवली. नव्वद टक्क्यांच्या आसपासची चांदी घसरत घसरत एक तृतीयांशाच्या जवळ आली, बाकी तांबं.

याचा एक किस्सा सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या जुन्या कथांमध्ये, आहे. हॉल्डोर स्नोरासन नावाचा आइसलँडचा माणूस, राजाचा कॉन्स्टँटिनोपलपासूनचा सोबती, तोंडाने फटकळ. नाताळच्या दिवसांत पगारवाटप चाललेलं. त्याने आपला पगार झग्याच्या ओच्यात घेतला, बघितलं, आणि दुसऱ्या हाताने असा फटका मारला की सगळी नाणी खालच्या पेंढ्यात. वाटणारा म्हणाला, राजाला हे आवडायचं नाही. पण शेवटी हॉल्डोरला शुद्ध केलेल्या चांदीत पगार मिळाला. बाकीच्यांनी निमूट तांबं घेतलं असणार.

खवचट खंडू

म्हणजे शेजाऱ्याचा चेहरा होता तोवर खरी चांदी, स्वतःचं चिन्ह आलं आणि भेसळ सुरू. बनावट नाणं शेवटी कोणाचं ठरलं मग? मी दुसऱ्याच प्रतिसादात बनावट म्हणालो होतो, फक्त राजा चुकला.

फ्योर्डातला पाटील

इतकं सरळ नाही हो. डेन्मार्कचा स्वेन एस्ट्रिडसन त्याच काळातला, त्याची टाकसाळ लुंडला. तोही इंग्लिश साच्याच्या बाहेर पडला, पण कुठे गेला? बायझंटियमकडे! सिंहासनावरचा ख्रिस्त, सम्राटाला निशाण देणारा देवदूत, असं सगळं तिकडच्या नाण्यांवरून. हाराल्डने आणलेलं सोनं उत्तरेत फिरत होतं म्हणून ते नमुने हाताशी आले असावेत, असा एक तर्क आहे. नंतर त्याच स्वेनच्या लुंडच्या नाण्यांवर टाकसाळ्यांची नावं रुनी या जुन्या नॉर्स लिपीत यायला लागली. म्हणजे चित्र कॉन्स्टँटिनोपलचं आणि अक्षर घरचं.

अवांतर: हाराल्डचा मुलगा ओलाव्ह क्युरे याची एक पेनी १९५७ मध्ये अमेरिकेत मेन राज्यात, मूळ रहिवाशांच्या वस्तीच्या जागी सापडली म्हणतात. वीसेक वर्षं सगळे तिला इंग्लिश समजत होते. खुद्द तज्ज्ञही फसले, तर पगार घेणाऱ्या साध्या शिपायाचं काय!

मुक्ता_वाचते

आणि डब्लिनचं पुढे काय झालं? धागाकर्ते आपल्याच नाण्याला विसरले.

लिफीकाठकर

विसरलो नाही, बाबांची वाट बघत होतो.

डब्लिनने आधी इंग्लंडच्या पावलावर पाऊल ठेवलं. तिकडे दर काही वर्षांनी घडण बदलायची, इकडे नवी नक्कल. मग १०१८च्या आसपास हे थांबलं आणि डब्लिन चंद्रकोरींच्या त्या दुहेरी क्रूसावरच अडून बसलं. एथेलरेड १०१६ मध्ये मेला, इंग्लंडच्या गादीवर डॅनिश क्नूट आला, त्याच्यानंतर त्याची मुलं आली, पण इथे तेच उभे केस आणि तोच क्रूस. सिहत्रिकने मधल्या काळात डब्लिनजवळची क्लोनटार्फची लढाई पाहिली, रोमची यात्रा केली, डब्लिनच्या क्राइस्ट चर्चची स्थापना केली, १०३६ मध्ये त्याला गादीवरून काढलं, तरी नाणं तेच. फक्त क्रूसाच्या कोनांत आधी ठिपके आले, मग दोन कोनांत माणसाचे पंजे. अक्षरं हळूहळू उभ्या काड्या झाली, हेडेबीसारखीच. आणि वजन उतरत गेलं. बाराव्या शतकाच्या मध्याकडे उरल्या त्या एकाच बाजूने ठसा उमटवलेल्या पातळ चकत्या, इतक्या पातळ की ठसा पलीकडून दिसावा.

अशा एका चकतीचा फोटो काल बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. या वेळी वजन आठवणीने विचारून घेतलं होतं, तेही लिहिलं: ग्रॅमपेक्षा बरंच कमी. अर्ध्या तासाने फोन आला.

"नाणं म्हणून पाठवलंस का हे? हा वर्ख आहे. पेढ्यावर लावतात."